स्क्विड प्रॉक्सी मंदावली तर: वेळ कुठे जातोय ते शोधायचा क्रम

स्क्विड म्हणजे युजर आणि वेबसाइट यांच्यामध्ये बसून रिक्वेस्ट पुढे नेणारा आणि उत्तरांच्या प्रती (कॅश) साठवणारा प्रॉक्सी प्रोग्रॅम. ‘प्रॉक्सी स्लो झालीय’ अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी ठरलेल्या तीन गोष्टी होतात. स्क्विड रीस्टार्ट करतात, कॅश रिकामी करतात आणि ‘कॅश_मेम’ (मेमरीतल्या कॅशची मर्यादा) दुप्पट करतात. रीस्टार्टने पुरावा जातो: त्या वेळचे आकडे, उघडी कनेक्शनं, मेमरीतली कॅश, सगळंच. कॅश रिकामी केली की पुढे बराच वेळ प्रत्येक गोष्ट बाहेरून आणावी लागते, म्हणजे मंदपणात भरच पडते. आणि हिशोब न करता मेमरी वाढवली तर मशीन स्वॅपमध्ये जातं (मेमरी अपुरी पडून डिस्क वापरायला लागतं), मग खरोखरच सगळं ठप्प होतं.

रिक्वेस्ट ब्राउझरपासून वेबसाइटपर्यंत जाऊन परत येते, त्यात ती कुठे अडते ते आधी शोधायचं आणि फक्त त्याच जागी हात घालायचा. खालचा क्रम त्यासाठी आहे. उदाहरणं लिनक्सवरच्या स्क्विडची आहेत. आज्ञा आणि सेटिंगांची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंग वापरा.

## १. तयारी: मंदपणा चालू असतानाच आकडे टिपा

आधी ‘स्क्विड डॉट कॉन्फ’ या सेटिंगांच्या फाइलची तारीख घालून एक प्रत बाजूला ठेवा. मग तक्रार नीट विचारून घ्या. कोणती साइट, किती वाजता, सगळ्यांनाच की काहींनाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान उघडायलाच वेळ लागतो की उघडल्यावर डाउनलोड रेंगाळतं? हे दोन वेगळे आजार आहेत. उघडायला वेळ लागत असेल तर संशय डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा), हेल्पर (लॉगइन वगैरे तपासायला स्क्विड चालवतो ते वेगळे प्रोग्रॅम), कनेक्शन जोडणी यांच्यावर जातो. डाउनलोड रेंगाळत असेल तर बँडविड्थ, डिस्क किंवा पॅकेट हरवण्यावर.

नंतर स्क्विडच्या कॅश मॅनेजरमधून (आतले आकडे दाखवणारी सोय) ‘इन्फो’ हे पान काढून फाइलमध्ये साठवा. जुन्या आवृत्त्यांत यासाठी ‘स्क्विडक्लायंट’ असायचा. स्क्विड ७ पासून तो काढून टाकला आहे, तिथे त्याच मशीनवरून कर्ल (वेबपत्ता मागवणारी आज्ञा) वापरून ‘स्क्विड-इंटर्नल-एमजीआर/इन्फो’ हा पत्ता मागवा. मंद वेळेला एक प्रत आणि सगळं सुरळीत असताना दुसरी प्रत, अशा दोन हव्यात. सुरळीत वेळेची प्रत नसेल तर मंद वेळेच्या आकड्यांना अर्थच लावता येत नाही. आज तक्रार नसेल तर आजच ती काढून ठेवा.

तपासा: तक्रारीच्या वेळेचा ‘ॲक्सेस लॉग’ (प्रत्येक रिक्वेस्टची नोंद) अजून डिस्कवर आहे का? लॉग रोज रोटेट होत असेल आणि मोजक्याच प्रती ठेवल्या जात असतील, तर त्याची प्रत आधी काढा.

## २. दोष खरंच प्रॉक्सीचा आहे का?

एकच पत्ता तीन जागांवरून कर्लने मागवा आणि प्रत्येक वेळी नेम लुकअप, कनेक्ट, पहिला बाइट आणि एकूण, अशा चार वेळा छापून घ्या.

पहिलं मोजमाप युजरच्या मशीनवरून प्रॉक्सीमार्गे. दुसरं प्रॉक्सी ज्या मशीनवर आहे तिथून थेट, प्रॉक्सी टाळून. तिसरं त्याच मशीनवरून, पण प्रॉक्सीमार्गे.

दुसरंच मंद असेल तर स्क्विडला हात लावू नका; लाइन, डीएनएस किंवा समोरची साइट बघा. दुसरं वेगवान आणि तिसरं मंद असेल तर दोष स्क्विडमध्ये किंवा त्या मशीनमध्ये आहे. दुसरं-तिसरं दोन्ही वेगवान आणि फक्त पहिलं मंद असेल तर युजर आणि प्रॉक्सी यांच्यामधलं नेटवर्क तपासा. तेही बरं निघालं आणि तक्रार फक्त ब्राउझरमध्येच दिसत असेल, तर पॅक फाइल (कुठल्या पत्त्याला कोणती प्रॉक्सी वापरायची हे ब्राउझरला सांगणारी फाइल) बघा. पॅक फाइलमध्ये पत्ता डीएनएसवरून शोधणारी फंक्शनं असली की ब्राउझर आधी तिथेच अडकतो. रिक्वेस्ट प्रॉक्सीपर्यंत पोचलेलीच नसते, त्यामुळे लॉगमध्ये काहीच सापडत नाही.

इथे चुकतं: प्रॉक्सीमार्गे मोजताना कर्ल जो ‘नेम लुकअप’ वेळ दाखवतो, तो प्रॉक्सीचं नाव शोधायचा असतो, साइटचं नाही. साइटचं नाव स्क्विड शोधतो आणि तो वेळ ‘पहिला बाइट’मध्ये मिसळलेला असतो. हा आकडा शून्याजवळ दिसला म्हणून डीएनएस ठीक आहे असं समजू नका.

आणखी एक: तोच पत्ता दुसऱ्यांदा मागवला तर उत्तर कॅशमधून येऊ शकतं. प्रत्येक फेरीला लॉगमध्ये हिट (उत्तर कॅशमधून) आहे की मिस (उत्तर बाहेरून) ते बघूनच तुलना करा. उशीर मोजायला लहान फाइल घ्या, बँडविड्थ मोजायला मोठी.

## ३. ॲक्सेस लॉग वाचा

माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं, आणि बहुतेक जण ही पायरी ओलांडून पुढे जातात. स्क्विडच्या मूळ लॉग फॉरमॅटमध्ये दुसरा रकाना म्हणजे रिक्वेस्टला लागलेला वेळ, मिलिसेकंदांत.

पण या रकान्याची सरळ सरासरी काढू नका. एचटीटीपीएसच्या रिक्वेस्ट ‘कनेक्ट’ पद्धतीने येतात, म्हणजे स्क्विड साइटपर्यंत फक्त बंद बोगदा जोडून देतो, आणि त्यांचा वेळ म्हणजे बोगदा उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा पूर्ण काळ. चॅटची टॅब तासभर उघडी राहिली तर लॉगमध्ये तासभराची ओळ पडते. ती मंद नाही, फक्त लांब आहे. तसंच मोठ्या डाउनलोडच्या वेळेत युजरने शेवटचा बाइट उचलेपर्यंतचा काळ धरलेला असतो. म्हणून ‘कनेक्ट’च्या ओळी आधी वगळा, बाकीच्यांत फक्त लहान उत्तरं घ्या, समजा १०० केबीच्या आतली, आणि सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) बघा.

मग निकालाच्या कोडनुसार गट पाडा. कुठला गट मंद आहे, यावरून पुढची वाट ठरते:

- फक्त ‘टीसीपी_मिस’ मंद: बाहेरची लाइन, डीएनएस किंवा समोरचा सर्व्हर. पायरी ६ कडे जा.
- ‘टीसीपी_मेम_हिट’ (मेमरीतून) वेगवान पण ‘टीसीपी_हिट’ (डिस्कवरून) मंद: डिस्क. पायरी ५.
- ‘टीसीपी_मेम_हिट’ही मंद: सीपीयू, स्वॅप किंवा युजरच्या बाजूचं नेटवर्क.
- ‘टीसीपी_डिनाइड’सुद्धा मंद: नकार द्यायला ना डिस्क लागते ना बाहेरचा सर्व्हर. मग उशीर नियमांमध्ये किंवा हेल्परमध्ये आहे, नाहीतर सीपीयू पूर्ण भरला आहे. पायरी ७.

आता एक ओळ जवळून बघू. दुसऱ्या रकान्यात ५०३७, निकाल ‘टीसीपी_मिस/२००’, आकार १८४२ बाइट, पद्धत ‘गेट’. दोन केबीपेक्षा लहान उत्तराला पाच सेकंद लागले. बँडविड्थ कमी असती तर आकडे विस्कळीत आले असते. इथे नेमके पाच सेकंद आणि वर ३७ मिलिसेकंद आहेत. ते ३७ मिलिसेकंद म्हणजे खरं काम, आणि पाच सेकंद म्हणजे कुणीतरी टाइमआउटची वाट बघत होतं. स्क्विड डीएनएसची विचारणा पुन्हा पाठवण्याआधी डीफॉल्ट ५ सेकंद थांबतो. लॉगमध्ये पाच हजारांच्या जरा वर असलेल्या ओळींचा घोळका दिसला तर यादीतला एखादा डीएनएस सर्व्हर उत्तर देत नाही असं समजून तपासायला लागा.

असे गोल आकडे लक्षात ठेवा. १, ३ आणि ७ सेकंदांच्या जरा वरचे घोळके म्हणजे टीसीपीचं पहिलं पॅकेट हरवतंय, कारण लिनक्स ते साधारण या अंतरांनी पुन्हा पाठवतो. साठ सेकंद म्हणजे ‘कनेक्ट_टाइमआउट’ची डीफॉल्ट मुदत संपली, समोरचा पत्ता उचलतच नाही.

एचटीटीपीएसचाच भरणा असेल आणि ‘गेट’च्या ओळी मोजक्याच मिळत असतील, तर ‘लॉगफॉरमॅट’मध्ये डीएनएसला लागलेला वेळ आणि समोरच्या सर्व्हरकडे गेलेला वेळ असे दोन रकाने वाढवा आणि एक दिवसाचा लॉग जमू द्या. बोगदा कितीही लांब असला तरी त्याच्या सुरुवातीचा डीएनएसचा उशीर या रकान्यात वेगळा दिसतो.

## ४. ‘इन्फो’ पानावरच्या चार जागा

पान लांबलचक आहे. मध्यक वेळांच्या कोष्टकापासून सुरुवात करा. तिथे शेवटची ५ मिनिटं आणि शेवटची ६० मिनिटं असे दोन रकाने असतात. ‘कॅश हिट्स’ हजारांश सेकंदांत असायला हवेत. ते दशांशात गेले तर डिस्क किंवा सीपीयू. ‘कॅश मिसेस’ जास्त आणि ‘डीएनएस लुकअप्स’ही जास्त, तर डीएनएस. मिसेस जास्त पण डीएनएस कमी, तर लाइन.

मग सीपीयूचा वापर, फाइल डिस्क्रिप्टरचे (प्रत्येक उघड्या फाइलला आणि कनेक्शनला लागणाऱ्या क्रमांकांचे) आकडे, आणि प्रत्यक्ष डिस्क वाचावी लागलेले पेज फॉल्ट. हा शेवटचा आकडा दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा बघा. तो भराभर वाढत असेल तर स्क्विडची मेमरी स्वॅपमध्ये जाते आहे. अशा वेळी बाकी काही शोधत बसू नका, आधी हे थांबवा.

## ५. मशीन: सीपीयू, मेमरी, डिस्क

सीपीयू. स्क्विडचं मुख्य काम एका प्रोसेसमध्ये, एकाच कोअरवर चालतं. आठ कोअरच्या मशीनवर एकूण वापर १२ ते १३ टक्के दिसतो आणि आपण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात एक कोअर पूर्ण भरलेला असतो. ‘टॉप’मध्ये १ दाबून कोअर वेगवेगळे बघा.

एक कोअर भरलेला असेल तर लगेच ‘वर्कर्स’ (स्क्विडच्या समांतर चालणाऱ्या प्रोसेस) वाढवायची घाई नको. आधी ‘डीबग_ऑप्शन्स’ (लॉग किती तपशिलात लिहायचा ते सेटिंग) बघा. कधीतरी शोधाशोध करताना पातळी ९ वर नेलेली असते आणि तशीच राहते. नेहमीच्या वापराला ‘ऑल,१’ पुरेसं आहे. त्यानंतर रेजेक्सचे (मजकुराचा नमुना जुळवणारे) नियम, त्यांच्याबद्दल पायरी ७ मध्ये. एवढं करूनही कोअर भरलेलाच असेल तर वर्कर्स वाढवा.

इशारा: ‘यूएफएस’ आणि ‘एयूएफएस’ प्रकारची ‘कॅश_डिर’ (डिस्कवरच्या कॅशची डिरेक्टरी) एकापेक्षा जास्त वर्कर्सना वाटून देता येत नाही. प्रत्येक वर्करला स्वतंत्र डिरेक्टरी द्या किंवा वाटून देता येणारा ‘रॉक’ प्रकार वापरा. एकाच डिरेक्टरीत दोन वर्कर लिहायला लागले तर कॅश बिघडते.

मेमरी. ‘कॅश_मेम’ म्हणजे स्क्विडला मिळणारी एकूण मेमरी, हा फार खोलवर रुजलेला गैरसमज आहे. ती फक्त मेमरीत ठेवलेल्या उत्तरांची मर्यादा. डिस्कवरच्या कॅशची सूचीही मेमरीतच राहते आणि ६४-बिट मशीनवर ती डिस्क कॅशच्या दर जीबीला साधारण १४ एमबी खाते. हिशोब करा: १०० जीबीची ‘कॅश_डिर’ म्हणजे १.४ जीबी सूची. वर ‘कॅश_मेम’ २ जीबी. ४ जीबीच्या मशीनवर उरले ०.६ जीबी, आणि त्यात कर्नल, हेल्पर, चालू कनेक्शनांचे बफर आणि डिस्कची पेज कॅश. हे मशीन स्वॅप करणारच. उपाय ‘कॅश_मेम’ कमी करणं हा आहे. लोक नेमकं उलट करतात.

तपासा: मंद वेळेला ‘व्हीएमस्टॅट’चे ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने शून्य असायला हवेत.

डिस्क. ‘आयओस्टॅट’ विस्तारित पर्यायाने चालवा आणि वाचन-लेखनाचा प्रतीक्षा काळ बघा. तो फिरत्या डिस्कवर सतत काही दशक मिलिसेकंदांच्या वर राहिला तर डिस्क पुरी पडत नाही. अशा वेळी हे बघा: ‘कॅश_डिर’ साधी ‘यूएफएस’ आहे का? ती वाचन संपेपर्यंत अख्खी प्रोसेस अडवून ठेवते. ‘एयूएफएस’ तेच काम वेगळ्या थ्रेडवर करते. पार्टिशन ‘नोएटाइम’ने (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवता) माउंट केलंय का? कॅश आणि लॉग एकाच डिस्कवर आहेत का? कॅश रेड ५ वर ठेवली असेल तर बारीक लेखनांचा भार तिथे फार महाग पडतो, आणि कॅश ही पुन्हा मिळवता येणारी गोष्ट असल्यामुळे त्या सुरक्षिततेची गरजही नसते.

‘कॅश_डिर’ला पूर्ण पार्टिशन देऊन टाकू नका, किमान पाचवा भाग मोकळा ठेवा. आणि मशीन अचानक बंद पडून उठलं असेल तर ‘कॅश लॉग’मध्ये (स्क्विडच्या स्वतःच्या संदेशांचा लॉग) स्टोरेज पुन्हा बांधत असल्याच्या ओळी शोधा. ते काम चालू असताना डिस्क गुंतलेली असते. ते संपेपर्यंत कुठलंही मोजमाप धरू नका.

## ६. डीएनएस

इथे वेळ द्या, कारण मिस मंद असण्याचं सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण हेच आहे.

‘कॅश लॉग’च्या सुरुवातीला स्क्विड कोणते नेमसर्व्हर वापरतोय ते लिहिलेलं असतं. ‘डीएनएस_नेमसर्व्हर्स’ दिलं नसेल तर तो ते ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’मधून घेतो, आणि तेही सुरू होताना किंवा रीकॉन्फिगर करताना. ती फाइल नंतर बदलली तर स्क्विड जुन्याच यादीवर चालत राहतो. म्हणून ‘डिग’ (डीएनएसला विचारून बघायची आज्ञा) वेगवान आणि स्क्विड मंद, असं कोडं पडतं.

1. लॉगमधली यादी उतरवून घ्या.
2. यादीतल्या प्रत्येक सर्व्हरला नाव घेऊन, वेगवेगळा ‘डिग’ करा. नुसता ‘डिग’ करून उपयोग नाही, तो पहिल्या चालत्या सर्व्हरवर थांबतो.
3. कॅश मॅनेजरचं ‘आयडीएनएस’ पान उघडा. किती विचारणा गेल्या आणि किती उत्तरं आली हे तिथे प्रत्येक सर्व्हरसमोर दिसतं. दोन आकड्यांत मोठी तफावत असलेला सर्व्हर यादीतून काढा.
4. शक्य असेल तर प्रॉक्सीच्याच मशीनवर लहानसा कॅशिंग रिझॉल्व्हर बसवा आणि स्क्विडला फक्त तोच द्या.

मशीनला आयपीव्ही६ पत्ता आहे पण बाहेर जायचा आयपीव्ही६ मार्ग नाही, अशी अर्धवट अवस्थाही खूप वेळ खाते. दोन्ही प्रकारचे पत्ते असलेल्या साइट अडखळतात आणि फक्त आयपीव्ही४वाल्या सुसाट चालतात. मार्ग दुरुस्त करा, नाहीतर तो पत्ता काढून टाका.

## ७. नियम आणि हेल्पर

‘एचटीटीपी_ॲक्सेस’च्या (कुणाला काय उघडू द्यायचं ते नियम) एका ओळीतल्या अटी डावीकडून उजवीकडे तपासल्या जातात आणि पहिली अट चुकली की ती ओळ तिथेच सुटते. म्हणून स्वस्त अटी, म्हणजे ‘एसआरसी’, ‘पोर्ट’, ‘मेथड’, डावीकडे ठेवा. महाग अटी, म्हणजे ‘यूआरएल_रेजेक्स’, लॉगइन आणि बाहेरचे हेल्पर, उजवीकडे.

‘डीएसटी’ अट प्रत्येक नव्या नावासाठी डीएनएस विचारते. ‘डीएसटीडोमेन’ नाव सरळ जुळवते, पण रिक्वेस्टमध्ये नुसता आयपी पत्ता आला तर उलटा लुकअप करते; तो नको असेल तर ‘-एन’ पर्याय लावा. हजारो डोमेनची बंदी-यादी ‘यूआरएल_रेजेक्स’मध्ये टाकणं ही हमखास होणारी चूक. रेजेक्सची यादी वरपासून खालपर्यंत तपासली जाते, तर ‘डीएसटीडोमेन’ची यादी वृक्षरचनेत शोधली जाते. तीच यादी तिकडे हलवली की एका कोअरचा मोठा भार उतरतो.

हेल्परसाठी ‘कॅश लॉग’मध्ये सगळे प्रोसेस व्यस्त असल्याची ताकीद शोधा. मॅनेजरमधल्या त्या हेल्परच्या पानावर रांगेत किती रिक्वेस्ट आहेत आणि सरासरी उत्तराला किती वेळ लागतो हे दोन्ही बघा. रांग आहे पण उत्तर पटकन येतं, तर ‘चिल्ड्रन’ (हेल्परच्या प्रोसेसची संख्या) वाढवा. उत्तरच उशिरा येत असेल तर संख्या वाढवून मागच्या डिरेक्टरी सर्व्हरवर गर्दी वाढेल, बाकी काही नाही. तिथे आधी तो सर्व्हर सुधारा आणि ‘टीटीएल’ (हेल्परचं उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ते) तपासा. बाहेरच्या अटींचा ‘टीटीएल’ डीफॉल्ट ३६०० सेकंद असतो. तो कुणी शून्यावर नेला असेल तर प्रत्येक रिक्वेस्टला हेल्परची फेरी पडते.

## ८. डिस्क्रिप्टर आणि कनेक्शन ट्रॅकिंग

एका मिसला किमान दोन डिस्क्रिप्टर लागतात, एक युजरकडचा आणि एक सर्व्हरकडचा. कॅशमध्ये लिहायचं असेल तर तिसरा. १०२४ ची मर्यादा गर्दीच्या वेळी सहज संपते, आणि मग स्क्विड नवी कनेक्शनं घ्यायचं थांबवतो. ‘मॅक्स_फाइलडिस्क्रिप्टर्स’ वाढवा, पण सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमधली ‘लिमिटएनओफाइल’ही वाढवा. फक्त एकच वाढवली म्हणून बदल लागू होत नाही, हे इथलं नेहमीचं दुखणं.

तपासा: बदलानंतर ‘इन्फो’ पानावरची कमाल संख्या खरंच बदलली का?

कर्नलच्या लॉगमध्ये कनेक्शन ट्रॅकिंगचं कोष्टक भरल्याची ओळ दिसली तर पॅकेट तिथेच टाकली जात आहेत. मर्यादा वाढवा.

## ९. कॅशच्या सेटिंगांतले उलटे पडणारे उपाय

हिट रेशो कमी आहे म्हणून प्रॉक्सी मंद आहे, असं बहुधा नसतं. एचटीटीपीएस बोगद्यातून जाणारं काहीच कॅश होत नाही, त्यामुळे आज कमी रेशो स्वाभाविक आहे. तो वाढवायच्या नादात ‘रेंज_ऑफसेट_लिमिट’ची मर्यादा उठवली जाते. मग युजरने मोठ्या फाइलचा छोटा तुकडा मागितला तरी स्क्विड फाइल सुरुवातीपासून ओढतो, आणि लाइन भरून जाते. मर्यादा उठवायचीच असेल तर ती नेमक्या काही साइटपुरती उठवा.

‘मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइझ’ डीफॉल्ट ४ एमबी असतो. तो वाढवताना ती ओळ ‘कॅश_डिर’च्या वर लिहा. जुने ‘डिले_पूल्स’ (वेगावर मर्यादा घालणारी सेटिंगं) फाइलमध्ये विसरले गेले नाहीत ना, तेही इथेच बघा. ठरावीक वेगावर अडकलेल्या डाउनलोडचं कारण कधीकधी तेवढंच असतं.

## १०. बदल करायची पद्धत

1. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि बदलाशेजारी तारीख व कारण कॉमेंटमध्ये लिहा.
2. आधी ‘स्क्विड -के पार्स’. चूक दाखवली तर पुढे जाऊ नका.
3. मग ‘-के रीकॉन्फिगर’. त्या दरम्यान ऐकणारी पोर्ट थोडा वेळ बंद होतात, म्हणून गर्दीच्या वेळी नको. वर्कर्सची संख्या बदलली असेल तर पूर्ण रीस्टार्टच लागतो.
4. कॅश भरायला वेळ द्या. रीस्टार्टनंतरच्या पहिल्या तासाचे आकडे सोडून द्या.
5. दुसऱ्या दिवशी, तक्रार ज्या वेळेची होती त्याच वेळेला, पायरी २ मधली तीन मोजमापं आणि ‘इन्फो’चं पान पुन्हा काढा.
6. मध्यक हलला नसेल तर तो बदल मागे घ्या आणि मगच पुढच्या संशयाकडे वळा.